तेविसाव्या दिवशीची अंघोळ

ऑफिसात कुणी भुताखेतांचे किस्से सुरू केले की मी कॉफी आणायला उठून जाते. या सदरातले अनुभवही आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आज स्वतः लिहायला बसलेय, कारण घरात हा विषय काढला की सगळे एकतर हात जोडतात, नाहीतर माझ्या झोपेची चौकशी करतात.

आधी आजीबद्दल सांगते — आईची आई. आजोबा लवकर गेले आणि तिने बिबवेवाडीत घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणींना तेल लावून अंघोळ घालायचं काम धरलं. जवळजवळ चाळीस वर्षं केलं. त्यावरच माझ्या आईला आणि मामाला शिकवलं. पुढे आई नोकरीला जायची, म्हणून मी आजीपाशीच वाढले. आम्ही भाजी आणायला निघालो की मिशा फुटलेली पोरं रस्त्यात तिच्या पाया पडायची. "पुरे. डोकं मी गोल करून दिलं, आत भरायचं काम तुझ्या आईकडे होतं," असं म्हणून ती पुढे चालू लागायची.

शेवटी शेवटी तिला विसर पडायला लागला. माझी मामेबहीण बाळाला घेऊन काही दिवस घरी राहायला आली, तेव्हा आजी सवयीने पाय पसरून पाटावर बसली, बाळाला पायांवर घेतलं, तांब्या भरला. आईने सहज बादलीत बोट घातलं — कढत पाणी. गार पाण्याचं विसण घालायचंच आजी विसरली होती.

त्या दिवसापासून बाळाच्या अंघोळीच्या वेळी बाथरूमची कडी आतून लावायची, असं मीच ठरवलं. आजी बाहेर भिंतीला टेकून बसायची. "मान धरा गं... मान," एवढंच म्हणत राहायची. एकदा मला म्हणाली, "मनू, माझे हात वाईट झाले का?" मी टॉवेल घेऊन आत गेले आणि कडी लावली. त्यानंतर तीन महिन्यांत ती गेली.

यंदा फेब्रुवारीत मला मुलगी झाली. आम्ही हडपसरला एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहतो. बाळाचा तेविसावा दिवस, मंगळवार. अंघोळ घालणाऱ्या सुशीलाबाईंचा सकाळीच फोन आला — ताप आहे, येत नाही. माझा नवरा अनिरुद्ध ऑफिसला गेलेला. बाळंतपणासाठी माझ्याकडे राहायला आलेली आई पावणेअकराला औषधं आणि भाजी आणायला गेली, दार ओढून, किल्ली घेऊन. अकराला मी बाळाला पाजलं, शेजारी निजवलं आणि माझाही डोळा लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. तांब्यामागून तांब्या, एकसारखा. आई आली असेल, असं वाटलं. बाळ मोठ्याने रडत होतं... आणि मग एकदम गप्प झालं. मी शेजारी हात फिरवला. दुपटं होतं. बाळ नव्हतं.

सिझेरियनचे टाके असताना मी कशी धावले ते मला माहीत नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी लावलेली होती. आत पाणी पडत होतं.

"आई?"

पाण्याचा आवाज थांबला. माझा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आत माझं बाळ असताना मी दार उघडायला घाबरले — हे लिहितानाही लाज वाटते.

उघडलं. आत कुणी नव्हतं. पाटावर बाळ, टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलेलं, झोपलेलं. केस ओले, कपाळावर तीट. शेजारच्या बादलीतून वाफा येत होत्या.

मी तिला उचललं, टॉवेल सोडून सगळं अंग पाहिलं. कुठे लालसुद्धा झालं नव्हतं. तेवढ्यात आई आली. तिने बादलीत बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"एवढं कढत पाणी कुणी काढलं?"

गीझरचं बटण बंद होतं.

संध्याकाळी अनिरुद्ध म्हणाला, "अगं, तूच घातली असशील. तीन आठवडे झोप नाही तुला." असेलही. पण मला तेव्हा खाली बसता येत नव्हतं, बाळाला तसं गुंडाळायला मला आजही जमत नाही, आणि माझ्या गाऊनच्या बाह्या कोरड्या होत्या.

आई मात्र देवापुढे दिवा लावून रडली. "राहवलं नाही गं तिला," म्हणाली. सगळ्यांनाच हे फार गोड वाटतं. मला नाही वाटत. कारण आली असेल तर ती कुठली आजी होती — चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घालणारी, की विसण विसरलेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नसताना मी बाळाला छातीशी धरून रिकाम्या बाथरूमसमोर उभी राहिले. मोठ्याने म्हणाले, "आजी, तुझी रोज आठवण येते. पण हिला पुन्हा हात लावू नकोस."

आजी गेली त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. त्यानंतर काहीही झालेलं नाही. त्या मंगळवारी काय झालं, ते मला माहीत नाही... आणि माझं बोलणं कुणी ऐकलं का, तेही नाही.