खिडकीतली कुत्री

हॉलंडमधल्या त्या समुद्रकाठच्या गावात आता आइस्क्रीमच्या गाड्या आणि वाळूत रंगीत खुर्च्या आहेत. पूर्वी तिथे धक्काही नव्हता. कोळी बोटी वाळूवर ओढून ठेवत. लेकीकडे गेले होते, तिने दाखवलं.

एका बुटक्या घराच्या खिडकीत चिनीमातीची दोन कुत्री समुद्राकडे बघत बसली होती. मी थबकले तशी घरातली म्हातारी बाहेर आली. तिचं बोलणं लेक मला मराठीत सांगत गेली. नवरा समुद्रावर गेला की इथल्या बायका कुत्र्यांची तोंडं बाहेर करत, परतला की आत वळवत. ही कुत्री तिच्या आजीची. चिनीमाती थकत नाही, म्हणून वाट बघायचं काम बायकांनी तिच्यावर सोपवलं असावं.

"मग आता आत का नाही वळवत?" मी विचारलं.

"आजोबा अजून आले नाहीत," म्हातारी म्हणाली. "मी रोज पुसते आणि होती तशी ठेवते."

हे सांगताना लेक अडखळली. तिचे बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. मिरजेच्या घरात त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत, आणि त्या उचल म्हणून लेक दर फोनला माझ्या मागे लागायची. त्या दिवसापासून तिने तो विषय काढलेला नाही.