केळीचे खांब आणि शेठजींची मोटार

कोणतंही काम हातात घेण्याआधी मी यादी करते. नणंदेच्या लग्नाची केली तेव्हा त्यात शेठजींच्या मोटारीला स्वतंत्र पान होतं.

आमचे हे जळगावात एका जिनिंगवाल्या शेठजींची मोटार चालवत. मोटारखान्याला लागून एक खोली आम्हाला राहायला दिलेली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं. बहिणीच्या वरातीसाठी यांनी मोटार मागितली तेव्हा शेठजी लगेच हो म्हणाले. वर एवढंच बोलले, "नेशील तशी आण."

त्या तीन शब्दांनी माझी झोप गेली.

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. पॉलिश चोळायचं तर जे चोळायचं नाही ते आधी झाकायला हवं. काचेभोवतीच्या रबरात पॉलिश शिरलं की पांढरं होऊन बसतं, काडीनं कोरलं तरी निघत नाही. म्हणून रबरावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातळ खळीनं चिकटवल्या. दारांच्या मुठींना आणि दिव्यांच्या चकचकीत कडांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या. यांनी सदरा उलटा घातला, बटणं पाठीकडे, म्हणजे वाकताना रंगावर चरा नको. मी बांगड्यांवर फडकं बांधलं.

नणंद हळदीच्या अंगानं दारात उभी होती. म्हणाली, "वहिनी, नवरी कोण गं? मी का मोटार?"

आतलं काम मी माझ्याकडे घेतलं. छताचं अस्तर कोरड्या ब्रशानं झाडलं, कारण ओलं केलं की ते लोंबतं. बैठकीचं कापड फिकट बदामी होतं, त्याचीच मला जास्त काळजी. पॉलिश संपल्यावर बैठकीवर धुतलेल्या दोन पांढऱ्या चादरी घट्ट खोचून टाकल्या. रंगीत चादरी वऱ्हाडाच्या बिछान्याला गेल्या होत्या.

वऱ्हाड आलं ते रावेरकडचं, केळी पिकवणारं. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. तिकडे बाजरी, भुईमूग, कपाशी. केळं आम्ही बाजारात पाहिलेलं, कापलेली केळ नाही. त्या मंडळींनी मांडवासाठी पहाटे तोडलेले खांब गाडीभर आणले होते. मांडव सजला, चार खांब उरले. नवरदेवाकडचे तरुण ते घेऊन मोटारीकडे निघाले आणि दाराच्या मुठींना सुतळी बांधू लागले.

मी धावत गेले. "मुठींना नका हो बांधू, चरे पडतील."

"बरं वहिनी," त्यांच्यातला एक हसला. "आमच्या बैलगाडीला कुणी इतकं जपलं असतं तर बैल लाजले असते."

पण त्यांनी ऐकलं. खांबांचे बुंधे पायरीच्या फळीवर टेकवले, सुतळी खिडकीतून आत घेऊन ओढून बांधली. खांबांची वरची कापलेली टोकं खिडकीतून आत बैठकीवर झुकली. मुठी वाचल्या म्हणून मला बरं वाटलं.

तेवढ्यात नवरदेवाची आजी तिथं आली. तिनं आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे पांढरं कापड काहाले टाकलं व? लगीन हाये का मयत?"

"अक्का, गाडी शेठजींची आहे. डाग पडला तर..."

"पडू दे. पांढऱ्यावर माहा नातू नाही बसायचा."

मुलीकडच्या माणसांनी यावर काय बोलायचं? चादरी मीच काढल्या. काढताना बैठकीवर दोन-तीन थेंब दिसले. खांबांवर पाणी शिंपडलं असेल असं समजून मी ते पदरानं टिपले. वरात निघाली.

नवरीला सासरी पोचवून हे दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. मोटार उभी केली, मागचं दार उघडलं आणि तिथंच थांबले.

"बठ्ठं गयं," एवढंच म्हणाले. सगळं गेलं.

बैठकीवर काताच्या रंगाचे डाग होते. काही थेंबांचे, काही लांब ओघळांचे. माझ्या पदरावरही तसेच दोन उठले होते. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो आणि वाळला की तपकिरी पडतो, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यातल्या एका डागावर लिंबू लावून पाहिलं, दुसऱ्यावर रॉकेल. डाग तसेच राहिले आणि भोवती फिकट कडं उमटलं. मी फडकं खाली ठेवलं.

"शेठजींना खरं ते सांगा," मी म्हटलं. "खांब वऱ्हाडानं बांधले, चादरी त्यांनी काढायला लावल्या."

"शेठनी कपाशी तिकडथीन येस. शबद तिना सासरले जाई. काल ती त्या घरमा गयी, तिना सासरनं नाव काढानं नही."

शेठजी आले. त्यांनी बैठकीवरून बोट फिरवलं.

"केळीचा चीक. खांब कोणी बांधले?"

"मी, शेठ."

"तू शिंदखेड्याचा. तुला केळीचे खांब बांधायची हौस कुठून आली?"

शेठजींनी बराच वेळ वाट पाहिली. यांनी एक नाव घेतलं असतं तर ते ऐकून घेणार होते, असं मला आजही वाटतं. शेवटी म्हणाले, "चावी खुंटीला लाव."

यांना रुईच्या गाठींच्या लॉरीवर घातलं. मोटारीवर दुसरा माणूस आला, त्याला खोली लागली. आम्ही पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत गेलो.

दिवाळीला नणंद माहेरी आली. सासरहून केळीचा अख्खा घड आणला होता. अंगानं भरली होती, हसत होती.

"दादा, मला न्यायला मोटार नाही आणली?"

"शेठ बाहेरगावी गेलेत," हे म्हणाले.

"आणि खोली का सोडली?"

"इथं हवा चांगली आहे," मी म्हटलं.

ती घड खाली ठेवणार, इतक्यात मी आधी गोणपाट अंथरलं, त्यावर वर्तमानपत्र, आणि घडाच्या कापलेल्या दांड्याला चिंधी गुंडाळली.

"काय गं वहिनी, शेणानं सारवलेली जमीन ती! तिला कसला डाग पडतोय?"

हे उठून बाहेर गेले. मी चिंधीची गाठ पुन्हा घट्ट केली आणि तिला चहाला किती साखर लागते ते विचारलं.