पेंग्विनची नोट

आमच्या कचेरीतल्या एका कारकुनांना गमतीच्या नोटा जमवायचा नाद आहे. दक्षिण ध्रुवाच्या नावानं कुणी हौसेनं छापलेल्या, पेंग्विन आणि बर्फाचे डोंगर असलेल्या. चळवळीची पत्रकं वाटत वाढलेल्या मला तो नाद फालतू वाटायचा.

उन्हाळ्यात त्यांची जळकोटहून लातूरला बदली झाली. मी त्यांच्यासोबत भाड्याची खोली शोधत हिंडलो. ते फाटकातूनच आधी आडनाव सांगत, मग खोलीचं विचारत.

"असं का?" मी विचारलं.

"जात कळायला वर गेल्यावर विचारतेतच. जिने चढायचे तरी वाचतेत."

चौथ्या घरी आडनाव ऐकून मालक म्हणाले, "आत्ताच गेली बघा खोली." भाड्याची पाटी त्यांच्या डोक्यावरच लटकत होती. मी भडकलो. "यावर पत्रक काढू."

"काढा की. पण मला सोमवारच्या आत खोली पायजे."

सावलीत थांबून त्यांनी पाकिटातली पेंग्विनची नोट काढली.

"लई मोठा मुलूख हाय, भाऊ. अन् एकाचंबी घर न्हाई."

"मग राहणार कुठं?"

"राहायचं न्हाई. नुसतं बघायचं. तिथं विचारणारं कुणी न्हाई."

नोट जपून पाकिटात ठेवली, घाम पुसला, आणि पाचव्या फाटकाशी जाऊन त्यांनी आडनाव सांगितलं.