प्रत दोघांना रवाना

माझे धाकटे दीर एका कचेरीत चाळीस वर्षं आवक-जावक कारकून होते. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं नोंदवायचं आणि ज्याचा ज्याचा संबंध असेल त्या प्रत्येकाला प्रत पाठवायची, एवढंच काम. ते त्यांनी असं अंगवळणी पाडून घेतलं की निवृत्तीनंतरही सुटलं नाही. लग्न ठरल्यावर त्यांनी माझ्या जावेला पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या तळाशी ‘प्रत : तीर्थरूप बाबा, माहितीसाठी’ असं होतं. जावेने ते अजून जपून ठेवलं आहे. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

आमचं घर दोन मजली. खाली एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला भावजी आणि जाऊ. वरच्या दोन खोल्या भावजी भाड्याने देतात. तीन वर्षांपूर्वी तिथे एक तरुण जोडपं आलं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. करारनामा भावजींनी स्वतः लिहिला, बावीस कलमांचा. दोघांचीही सही, दोघंही सारखेच जबाबदार, आणि एकाला मोकळं व्हायचं तर दुसऱ्याची व मालकाची लेखी संमती हवी. सही करताना चष्मेवाला म्हणाला होता, “काका, एवढं तर आमच्या लग्नातही लिहून घेतलं नव्हतं.” भावजींना ती स्तुती वाटली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एका मंगळवारी दुपारी पडदेवाली एकटीच खाली आली. मी जावेकडे लसूण सोलत बसले होते. तिने आम्हा बायकांकडे पाहिलं, मग हरकत नाही असं ठरवून बोलू लागली.

“काका, आमचं आता जमत नाही. भांडणंसुद्धा संपली, म्हणजे बघा. त्याने मित्राकडे खोली पाहून ठेवलीय, महिनाअखेर जाईल. तो गेला की करार माझ्या एकटीच्या नावावर कराल का? आई मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलीय. दिवसातून चारदा जावं लागतं. मला इथून हलणं परवडायचं नाही.”

“बघू, बघू,” भावजी म्हणाले.

“पण इतक्यात त्याला काही बोलू नका हं. कुणी डिवचलं की तो मुद्दाम उलटं करतो.”

“मी एक अक्षर बोलणार नाही.”

आणि खरोखरच ते बोलले नाहीत. त्यांनी लिहिलं. संध्याकाळी दोन लिफाफे तयार झाले. जावेने विचारलं तर म्हणाले, “एका पक्षाचं ऐकून दुसऱ्याला अंधारात ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.” दोन्ही लिफाफे त्यांनी वर जाऊन एकाच दाराखालून आत सरकवले. त्या दिवशी आधी घरी आला तो चष्मेवाला.

पत्रात लिहिलं होतं की, भाडेकरू क्रमांक एक यांनी आज अशी विनंती केली आहे की भाडेकरू क्रमांक दोन निघून गेल्यावर जागा आपल्या एकटीच्या नावे व्हावी, तरी क्रमांक दोन यांनी आपलं म्हणणं आठ दिवसांत कळवावं.

तो पत्र हातात घेऊनच जिना उतरला.

“मी निघून जाणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पत्रात नमूद आहे.”

“आणि मी क्रमांक दोन कसा?”

“वर्णानुक्रमे.”

“मग आठ दिवस कशाला, आत्ताच लिहून घ्या. क्रमांक दोन कुठेही जाणार नाही.”

तो गेला नाही. पुढचे दोन महिने वर एका खोलीत ती, दुसरीत तो. मधल्या दाराला तिने दुकानातला उरलेला जाड पडदा लावला. नळ गळला तर तक्रारीही दोन यायच्या. तिची आई मागच्या गल्लीत वाट पाहायची आणि ही रोज कुठे खोली मिळते का म्हणून विचारत फिरायची. मिळायच्या त्या सगळ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला.

भावजींना यात आपली काही चूक आहे असं वाटत नव्हतं. करार संपायला सात आठवडे उरले तेव्हा त्यांनी निकाल दिला. दोघांनी मिळून, कोण राहणार ते ठरवून, एकच अर्ज करावा. न केल्यास मुदतीनंतर जागा दोघांनाही नाही. अर्थात प्रत दोघांना. आम्हाला वाचून दाखवताना त्यांचा चेहरा उजळला होता. “कुणावर अन्याय नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडदेवाली दारात उभी राहिली. आत आलीच नाही.

“काका, तुम्ही दोघांना अगदी सारखं वागवलंत. फक्त आम्ही सारखे नाही. त्याला कुठेही राहता येतं. मला आईपासून लांब राहता येत नाही. मी तुमच्याशी विश्वासाने बोलले होते.”

एवढं बोलून ती कामाला गेली. भावजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. जाऊ म्हणाली, “अहो, उलटं धरलंय.” धरलेलं सुलटच होतं, पण त्यांनी तपासून पाहिलं.

त्या रात्री ते जेवले कमी. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले आणि अकराच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. हे सगळं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं, तेही तिसऱ्यांदा विचारल्यावर.

“नंबर बदललाय का?” चष्मेवाल्याने विचारलं.

“नाही. चूक माझी आहे. तिने गुपचूप विचारलं होतं आणि मी तुम्हाला कळवलं. तुम्ही तिच्यावर रागावलात. रागवायचं माझ्यावर होतं.”

त्याने हातातली काच पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “मला ती जागा नकोच होती, काका. मित्राची खोली या दुकानासमोर आहे. मी आपणहून जाणार होतो, जरा माणसासारखा, सांगून. तेवढ्यात तुमचा लिफाफा आला. कामावरून काढल्याचा हुकूम दाराखालून यावा तसा.”

भावजींनी असे हुकूम चाळीस वर्षं रवाना केले होते. ते मिळाल्यावर पुढे काय होतं, हे विचारायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं.

“मग काय करू?”

“मला जे सांगितलंत ते तिला सांगा. आणि लिहून द्या. तुम्हाला लिहिल्याशिवाय काही खरं वाटत नाही.”

माफीचं पत्र कसं लिहितात हे भावजींना ठाऊक नव्हतं. तीन कागद फाडले. पहिल्यात ‘दिलगिरी नोंदवण्यात येत आहे’ असं होतं. जाऊ म्हणाली, “कोण नोंदवतंय? बदलीवर आलेला साहेब?” चौथ्या कागदावर दोनच ओळी उरल्या. ‘तू “सांगू नका” म्हणालीस आणि मी सांगितलं. माझं चुकलं.’ ते वर गेले आणि तिच्या हातात कागद देऊन उभे राहिले. ती वाचून संपेपर्यंत हलले नाहीत.

रविवारी चष्मेवाल्याने संमतीपत्रावर सही केली. दोन पेट्या आणि एक टेबलपंखा घेऊन तो गेला. जाताना जावेला म्हणाला, “काकू, येतो.” पडदेवालीशी काय बोलला ते पडद्यामागे झालं, मला माहीत नाही.

नव्या करारनाम्याला बसताना भावजींनी सवयीने विचारलं, “आईंना इथे आणणार असशील तर त्यांचीही सही घेऊन ठेवावी म्हणतो.”

“काका, आईचं आणि माझं दिवसातून दोनदा वाजतं. आत्ताच सांगून ठेवते.”

जावेने भावजींकडे पाहिलं. त्यांनी पेन पडदेवालीपुढे सरकवलं. बावीस कलमं वाचून दाखवायची होती, ती नवव्यापर्यंत आली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, आईच्या औषधाची वेळ झाली म्हणाली, शेवटच्या पानावर सही केली आणि मागच्या दाराने गेली. भावजी दहावं कलम उघडून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी ते मलाच वाचून दाखवलं.