ओतून दिलेलं सूप

चहाच्या कंपनीत त्यांना सगळे चवमास्तर म्हणत. सकाळी लांब टेबलावर कपांची रांग लागे. मास्तर चमच्यातला घोट फुर्रकन ओढत, तोंडात घोळवून बादलीत थुंकत आणि एका शब्दात निकाल देत. त्या शब्दावर पोतीच्या पोती ठेवून घेतली जात, नाहीतर आल्या पावली परत जात. या जिभेपायी त्यांनी जन्मभर तिखट खाल्लं नाही, विडीला हात लावला नाही. बायको म्हणायची, "तुमच्या जिभेचे जेवढे लाड झाले, तेवढे पोरांचेसुद्धा झाले नाहीत."

आणि ती जीभच गेली होती. सर्दी आली, सर्दी गेली, चव मात्र परत आली नाही. मास्तर चहाचा रंग आणि हाताखालच्यांचे चेहरे बघून निकाल ठोकून देत होते. घरी त्यांनी ब्र काढला नव्हता. हल्ली कपांची रांग दिसली की त्यांना पळून जावंसं वाटे.

म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोला त्या जुन्या, महागड्या हॉटेलात नेलं. तिथलं मशरूमचं सूप हे त्यांचं जुनं प्रेम. जीभ जागी व्हायची असेल तर त्या सुपानेच होईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

हॉटेलची पार रया गेली होती. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथच्या जागी कागद अंथरलेले, पियानोच्या कोपऱ्यात भला मोठा टीव्ही. वेटरने ग्लासात बोटं बुडवूनच पाणी आणलं.

"कसं होतं आणि काय झालं हो हे," बायको हळहळली.

मास्तरांना मात्र एकेका उणिवेबरोबर धीर येत होता. एवढं सगळं बिघडलंय म्हटल्यावर सूपही बिघडलेलं असणार. मग बेचव लागलं तरी दोष जिभेचा नाही. ज्या जागेवर जीव टाकला तिचं वाटोळं झालेलं असावं, असं ते मनोमन मागत होते. घाबरलेला माणूस फार आपमतलबी असतो.

सूप आलं. सवयीने त्यांनी पहिला घोट एवढ्या जोरात ओढला की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. लागलं ते नुसतं गरम पाणी. दुसरा घोट, तेच. मास्तरांनी चमचा खाली ठेवला.

"कसं आहे गं?"

बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चमचा तोंडात घातला. "पाणी आहे हो नुसतं."

मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी वेटरला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. आवाज ऐकून आतून आचारी बाहेर आला. तोच, जुना, आता पाठीत वाकलेला. त्याने मास्तरांना लगेच ओळखलं. स्वच्छ चमचा मागवून त्याने सूप चाखलं, पुन्हा चाखलं.

"मला तर नेहमीसारखंच लागतंय," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच तोंड गेलं असणार. वयही झालं म्हणा."

तो आत गेला. "ते पातेलं ओतून द्या," असं त्याने कुणाला तरी सांगितलेलं बाहेर ऐकू आलं.

मास्तरांची नजर बायकोच्या वाटीवर गेली. वाटी पावाने पुसून लख्ख केलेली होती.

"तू तर पाणी म्हणालीस."

"तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसरं काय म्हणणार?" ती हळूच म्हणाली. "परवा भाजीत मीठ घालायला विसरले, तुम्ही दोनदा मागून घेतलीत. तेव्हाच कळलं मला."

मास्तरांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारातल्या काचेतून आचारी दिसत होता. तळहातावर जाडं मीठ घेऊन तो बोटाने जिभेला लावत होता, थांबत होता, पुन्हा लावत होता. ती भीती मास्तरांना पाठ होती. आता ती त्यांनीच एका भल्या माणसाला लावली होती.

ते उठले. दार ढकलून आत गेले.

"मीठ ठेवा खाली. तुमचं तोंड शाबूत आहे," मास्तर म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी अजून कुणापुढेच उच्चारले नव्हते. "गेलंय ते माझं."

आचाऱ्याने हातातलं उरलेलं मीठ मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. मास्तरांनी ते सगळं जिभेवर घेतलं आणि वाट बघत उभे राहिले.

"काही लागतंय का?" आचाऱ्याने विचारलं.

"खडे लागतायत," मास्तर म्हणाले.