पोटरीवरचा फटका

भोईवाड्यात आमच्या चाळीच्या पटांगणात मी आणि माझी नणंद रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळतो. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, आठवडाभर ऑफिसच्या खुर्चीत. तेवढाच काय तो व्यायाम. गेल्या वर्षी असंच खेळताना तिने शटल अगदी जाळीजवळ टाकलं. मी मागचा पाय रेटून झेपावले, आणि कोणीतरी मागून पोटरीवर दगड मारला. फट् असा आवाजही झाला.

मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. दगडही नव्हता.

"कोणी मारलं?" मी विचारलं. नणंद रॅकेट टाकून धावत आली. आवाज तिनेही ऐकला होता, हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

पाय टेकवेना, म्हणून तिने धरून घरी नेलं. सासूबाई मालवणच्या. त्यांनी हात न लावता पोटरी निरखली. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.

"कोणी मारल्यान गो तुका?" त्यांनी हळूच विचारलं, आणि मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

पुढच्या दोनचार दिवसांत भलतीकडेच, घोट्याभोवती, काळंनिळं उमटलं. कोणी मुठीत आवळून धरल्यासारखं. सासूबाईंनी त्यावर चादर ओढली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. स्नायू फाटलाय म्हणाले, आणि परळच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांना मी अडखळत दगडाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पाय रेटताना पोटरीचा स्नायू जोराने आखडत असतो, त्यांनी समजावलं. नेमका तेव्हाच गुडघा ताठ झाला की तोच स्नायू उलटा ताणला जातो, आणि त्याचं मांस संपून टाचेकडे जाणारा चिवट दोर सुरू होतो तिथे फाटतो. रक्त आतल्या आत ओघळून घोट्याशी साचतं. बाहेरचं कोणी लागतच नाही.

"पण प्रत्येकाला कोणीतरी मारलंय असंच वाटतं," त्या म्हणाल्या. "मला झालं तेव्हा मीही मागे वळून बघितलं. मला तर हे सगळं पाठ होतं."

आधी काठी, मग रबरी पट्ट्याचे व्यायाम, मग ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं. पहिल्यांदा टाचा उचलल्या तेव्हा भर दुपार होती आणि घरात मी एकटीच. पोटरी घट्ट झाली, तशी मान आपोआप मागे वळली.

पाय आता ठणठणीत आहे. रविवारचा खेळही सुरू झालाय. फक्त पाय रेटायच्या आधी, अगदी क्षणभर, पाठीशी कोणीतरी श्वास रोखून उभं असतं.