हरभऱ्यातला भोंगा

आमच्या हरभऱ्याच्या वावरात बांबूला एक भोंगा बांधलेला आहे. दिवस मावळला की तो ओरडायला लागायचा. 'हाऽऽऽ! हुर्रर्र! निंगा बे, निंगा! तुमच्या बापानं पेरलं काय बे?' मग थोडं थांबून, एकदम खालच्या आवाजात, 'झालं काय वं?' आणि परत 'हाऽऽऽ!'

आवाज माझ्या बाबांचा. ओरडणं रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, शेवटचा प्रश्न आईसाठी. आमच्याकडे बहुतेक वावरांत आता असे भोंगे आहेत. रोज रात्री पीक राखायला जागलीला जाणं होत नाही, म्हणून माणसं आपला आरडाओरडा मोबाईलवर भरून घेतात आणि तो भोंग्यातून रात्रभर फिरत राहतो. बाबांनी अंगणात उभं राहून आरोळ्या ठोकल्या, आईनं मोबाईल धरला. बटण वेळेवर दाबायचं तिला जमलं नाही, म्हणून बाबांनी तिला विचारलेलंही त्यात भरलं गेलं. वाशीमच्या मोबाईलवाल्यानं ते जसंच्या तसं कार्डावर टाकून दिलं. तेव्हापासून सारं गाव रोज संध्याकाळी ऐकायचं की माझे बाबा माझ्या आईला झालं का म्हणून विचारतात. आई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायची, झालं. एकदा म्हटलं की तिचं समाधान. पुढच्या हजार वेळा ती ऐकायची नाही.

मी पुण्यात आवाजाचं काम करते. गाणं नाही आणि वाजवणंही नाही. एखाद्या रिकाम्या खोलीत स्पीकर टांगते. कापसाच्या जिनिंगची घरघर, जऊळक्याच्या स्टेशनात मालगाडीनं मारलेला ब्रेक, विजेच्या तारांची गुणगुण, असं काहीबाही कॉम्प्युटरवर ताणते, चिरते, एकावर एक रचते आणि त्या स्पीकरांतून सोडते. लोक अंधारात बसून ऐकतात. गावात हे समजावून सांगणं म्हणजे आपलंच डोकं फोडून घेणं. काकांनी एका वाक्यात निकाल लावला, पोरगी डीजेत आहे. मी सुरुवातीला भांडायचे, मग सोडून दिलं. बाबा एकदा पुण्याला येऊन माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, इथं झोप चांगली लागते. माझ्या कामाचं इतकं खरं कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही, पण तेव्हा मला रागच आला होता.

बाबांचा आवाज मात्र मला कधी मिळाला नाही. एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, पण समोर माईक आला की गप्प. 'बोला ना बाबा काही.' 'काय बोलू?' एवढ्यावर गाडी अडायची. पेरणीचं सांगा, बैलांचं सांगा, मला शिव्या द्या, सगळं म्हणून झालं. ते माईककडे असे बघायचे, जणू तो तलाठ्याचा माणूस आहे. डुकरांना हाकलायचं होतं म्हणून तेवढे एकदा मोबाईलसमोर मोकळे झाले.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. खर्रा. सकाळी उठल्यापासून गालात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा, जेवण झालं की खर्रा, डॉक्टरांच्या दारातही खर्रा. मला अजूनही त्या पुडीचा इतका संताप येतो की टपरीपुढून जाताना दात आवळले जातात. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला एक भोक ठेवलं, श्वास तिथूनच घ्यायचा आणि तिथूनच सोडायचा. बोलणं संपलं. घरी आल्यावर बाबांनी त्यावर दुपट्टा गुंडाळला तो गुंडाळलाच. आईशिवाय कोणी ते भोक पाहिलं नाही. श्वासाचा आवाज यायचा, तो आम्ही ऐकायचा नाही असं कोणी न ठरवताच ठरलं. पाहुणे आले की आई टीव्हीचा आवाज वाढवायची. लागेल ते बाबा पाटीवर लिहायचे, तेही कमीच.

या हिवाळ्यात आईचा फोन आला. म्हणाली, तुह्ये बाबा डबडं घेऊन वावरात जाऊन राह्यले, तू ये आणि त्यांना सांग. झालं होतं असं की भोंग्याला आता जनावरं भीत नव्हती. तोच आवाज, त्याच आरोळ्या. रोज ऐकून ऐकून रोह्यांना त्यांची सवय झाली होती. नाल्याकडचा हरभरा त्यांनी पार ओरबाडला होता. म्हणून बाबा तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन स्वतः जागलीला जायला लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडी आणि धूळ सरळ फुफ्फुसात जाईल. एका सकाळी खोकताना दुपट्ट्याला रक्त लागलं, तेव्हा आईनं मला बोलावलं.

मी गेले त्या संध्याकाळी बांधावर उभी राहून पाहिलं. भोंगा बाबांच्या आवाजात विचारत होता, तुमच्या बापानं पेरलं काय बे, आणि रोही बरोबर भोंग्याखाली उभे राहून हरभरा खात होते. बाबा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी भोंग्याकडे बोट केलं आणि हात झटकला. काढ ते, अशी खूण.

मला वाटलं, हे तर माझंच काम. आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांना माझ्या विद्येची गरज पडली होती. शेजारच्या वावरात वाघाची डरकाळी लावतात, तिलाही डुकरं जुमानत नव्हती, म्हणून मी काही वेगळंच करायचं ठरवलं. जीव ओतून बनवलं. खोलवरची घरघर, मध्येच पत्रा फाटल्यासारखा कडाका, मग शांतता, मग उलटं फिरवलेलं कुत्र्याचं भुंकणं. पुण्यात वाजवलं असतं तर लोकांनी नंतर प्रश्न विचारले असते. रोह्यांनी माना वर केल्या, नीट ऐकून घेतलं, आणि एक तर आणखी जवळ आला. बाबांचे खांदे गदगदा हलायला लागले. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खोलीत मी माईक लावून बसले होते. कानाला हेडफोन, आवाज पुरता चढवलेला. एकाएकी कानात काहीतरी आलं. अरुंद वाटेनं कोणीतरी कोरडी हवा ओढतंय, शेवटी ओलं काहीतरी फडफडतंय, मग काहीच नाही, आणि परत ओढ. घरात जनावर शिरलं असं वाटून मी गर्रकन वळले. मागे बाजेवर बाबा बसले होते. बाकी कोणी नव्हतं.

त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. आपल्या बापाला आपण भ्यालो, हे त्याला दिसलं, यापेक्षा वाईट काय असतं मला माहीत नाही. मी हेडफोन काढले. बाबांनी हात पुढे केला. दे म्हणून. मी दिले. ते डोळे मिटून स्वतःचा श्वास ऐकत राहिले, बराच वेळ. मला वाटलं आता हे रडतील. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'डुकरं भेतीन.' मग दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला आणि मान वर करून माईककडे सरकले.

तेवढ्यात आई परसातून आली. बाबांचा उघडा गळा, समोर माईक आणि मी. ती माझ्यावर कडाडली. माणसाच्या दुखण्याचा कायले तमाशा मांडतेस, सारं गाव ऐकीन, लाज नाही का. मी समजवायला गेले तर अधिकच चिडली. बाबांनी पाटीवर लिहून तिच्यापुढे धरलं की हरभरा जाऊन राह्यला. आई म्हणाली, जाऊ दे. पेरलेलं जाऊ दे म्हणणारी आई मी कधी पाहिली नव्हती. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यायचा आवाज तू भोंग्यातून काढशीन, त मंग मी संध्याकाळी काय आयकू?"

खरं म्हणजे मलाही तो आवाज काढायचा नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाचं जगात उरलेलं बोलणं म्हणजे डुकरांना दिलेल्या शिव्या आणि एक प्रश्न, आणि तेही आता मीच बंद करायचं होतं. मी माईक आवरायला घेतला. तसे बाबा उठले, कोपऱ्यातला तेलाचा डबा आणि काठी घेतली, आणि दुपट्टा न गुंडाळताच दाराकडे निघाले. आईनं झटकन उठून डबा हिसकावला. बसा म्हणाली. ते बसले. मग तिनं माझ्या हातातून माईक घेतला आणि त्यांच्या गळ्यापाशी स्वतः धरला. मोबाईल धरला होता तसाच, दोन्ही हातांनी.

बाबा श्वास घेत राहिले. कधी जोरानं, कधी हळू, कधी मुद्दाम घरघर करत. माईकपुढे कधी न बोललेला माझा बाप त्या दुपारी मोकळा झाला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मात्र हलला नाही. दमल्यावर बाबांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि तळहात उलटा केला.

आई म्हणाली, "झालं."

मी ते घेऊन बसले. श्वास ताणला, जड केला, थरावर थर चढवले. मधल्या शांतता लहानमोठ्या ठेवल्या, म्हणजे जनावरांना अंदाज येऊ नये. शेवटी भरलं गेलेलं आपलं 'झालं' ऐकल्यावर आई म्हणाली, माह्यं काढ तेवढं. कापणं हा माझा रोजचा धंदा आहे, एका क्षणाचं काम. मी काढलं नाही. ती रागावली, मी ऐकलं नाही.

जुनं कार्ड मी आईच्या हातात दिलं, आवाज तिच्या मोबाईलवरही टाकून दिला. ती तो लावत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, घरात त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही, मग घरात कायले वाजवू.

त्या संध्याकाळी नवा आवाज लावला. रोही थबकले, कान टवकारले आणि नाला ओलांडून पळाले. महिन्या-दोन महिन्यांत त्यांना याचीही सवय होईल, हे बाबांना माहीत आहे आणि मलाही. तोवर हरभरा घरी येईल. बाबांनी डबा आणि काठी परसात टाकून दिली. दुपट्टा आता थंडीपुरता घेतात. टीव्हीचा आवाज कोणी वाढवत नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात बसले होते. आई चुलीपुढे, बाबा बाजेवर. वावराकडून तो श्वास यायला लागला, लांबून, गावावरून. बाबा ऐकत होते. श्वास थांबला तसं त्यांनी वावराच्या दिशेनं भुवया उंचावल्या आणि तळहात उलटा केला. चुलीपुढे आईनं हातातली भाकर थांबवली.

"झालं," वावरातून आई म्हणाली.